ऑर्गन आणि कॉयरची नाताळ मैफल कशी बसवावी

कॉयर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, एकटा छान गातो, ऑर्गनही एकटा छान वाजतो, आणि दोघे एकत्र आले की लय ओढली जाते, सूर उतरतो. यामागे बहुतेकदा अंतर आणि तापमान असतं. म्हणून गाणी निवडण्याआधी जागा ठरवा.

ऑर्गन मागच्या गॅलरीत आणि कॉयर पुढे असेल तर मध्ये सहज २० मीटर जातात. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो, म्हणजे सूर पलीकडे ०.०६ सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर ठोक्याचा आठवा भाग झाला. वादक कानाने कॉयरला धरू पाहतो, कॉयर ऑर्गनची वाट बघतो, आणि चौथ्या कडव्यापर्यंत सगळं रेंगाळतं. वादकाने फक्त संचालकाचा हात पाहायचा, ऐकू येणाऱ्या कॉयरकडे दुर्लक्ष करायचं. त्यासाठी आरसा, नाहीतर तारेने जोडलेला कॅमेरा आणि पडदा लावा. मोबाइलचा व्हिडिओ कॉल नको, त्याचा उशीर आवाजापेक्षा मोठा असतो.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कॉयरलाच गॅलरीत चढवणं. पालकांना मुलं दिसत नाहीत ही तक्रार येईल, ती ऐकून घ्या. कॅथलिक चर्चमध्ये रोमने १९८७ साली दिलेल्या सूचनांप्रमाणे गायक-वादकांनी वेदीच्या भागात उभं राहायचं नसतं आणि मैफलीला प्रवेश विनामूल्य असावा लागतो. तिकिटं छापण्याआधी फादरांशी बोला.

आता सूर. हवेचं तापमान एका अंशाने उतरलं की ऑर्गनचे साधे पाइप सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतात; जिभेचे म्हणजे रीड पाइप मात्र जवळपास जागेवरच राहतात. पुण्यासारख्या ठिकाणी दुपारी २७ अंशांत जुळवलेला ऑर्गन रात्री २२ अंशांत वाजवला तर ऑर्गनमधला ट्रम्पेट (रीड पाइपांचा संच) सुमारे १५ सेंट चढा वाटतो. ट्यूनिंग मैफलीच्याच वेळेला, दारं-खिडक्या तशाच ठेवून करा. वेळ कमी असेल तर फक्त रीड बाकीच्यांशी जुळवून घ्या. पायपेटी असेल तर ती कीबोर्डसोबत वाजवण्याआधी दोन्हींचा एकच सूर तपासा. जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या प्रमाणित सुराला नसतात.

सत्तर मिनिटांना लोकांसह गायची पाच गाणी, कॉयरची पाच, ऑर्गनच्या दोन रचना आणि पाच छोटी वाचनं पुरतात. ऑर्गनसाठी बाखचं ‘इन दुल्ची जुबिलो’ (बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही ७२९) शेवटी चांगलं शोभतं. लोकांच्या गाण्यांची पट्टी खाली ठेवा. ‘हार्क! द हेरल्ड’ हे नाताळगीत जी पट्टीत वरच्या ई पर्यंत जातं, एफ मध्ये डी वर थांबतं. रात्री आठला, जेवण न झालेल्या माणसांना डी पुरे. वरची सजावट सोप्रानोंना शेवटच्या कडव्यात गाऊ द्या.

सुरुवात एकट्या मुलाच्या आवाजाने करायची केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची पद्धत सगळ्यांनाच हवी असते. साथीशिवाय गाताना पोरगं थोडं उतरतं, कॉयर त्याच्याच सुरात पुढचं कडवं गातो, आणि तिसऱ्याला ऑर्गन आला की फरक उघडा पडतो. दुसऱ्या कडव्यापासूनच ऑर्गनवर मऊ ८ फुटी फ्लूट धरा (फ्लूट म्हणजे बासरीसारख्या आवाजाचे पाइप; ८ फुटी लिहिलेल्याच सुरात वाजतात, ४ फुटी एक सप्तक वर, १६ फुटी एक सप्तक खाली).

कॉयरच्या साथीला ८ आणि ४ फुटी फ्लूट बस्स. लोक गायला लागले की ८, ४, २ फुटी प्रिन्सिपल (ऑर्गनचा मूळ, भरदार आवाज) आणि पेडलला, म्हणजे पायाने वाजवायच्या पट्ट्यांना, १६ फुटी. मिक्स्चर (एका पट्टीवर अनेक उंच सूर एकत्र वाजवणारे झगझगीत पाइप) शेवटच्या कडव्यासाठी राखून ठेवा. भरलेलं चर्च आवाज शोषतं, म्हणून रिकाम्या चर्चमधल्या तालमीपेक्षा एखादा स्टॉप (पाइपांचा संच) जास्त लागेल. गाण्याची प्रस्तावना नेमक्या लयीत वाजवा, शेवटी रेंगाळू नका, नाहीतर लोक तीच मंद लय उचलतात. दोन कडव्यांमधला थांबा आधीच ठरवून कॉयरला सांगा.

पंखे बंद ठेवा, वाऱ्याने कागद उडतात आणि मेणबत्त्या ओघळतात. वीज गेली तर ऑर्गनचा पंखाही थांबतो, हवा संपता संपता सूर रडत खाली येतो. वादकाने लगेच हात उचलायचे, जनरेटर लागल्यावर हवेची पेटी भरायला काही सेकंद द्यायचे. तोवर कॉयर साथीशिवाय पुढे गाईल असं एक कडवं तालमीत करून ठेवा.