स्टेटस गेलं असलं तरी इमर्जन्सीत जा: न्यू जर्सीतल्या आपल्या माणसांसाठी

गेल्या हिवाळ्यात एडिसनमधल्या एका तळघरात मी काकूंच्या उशाशी बसले होते. काकू सांगलीकडच्या, पोळीभाजीचे डबे करतात. टुरिस्ट व्हिसावर आल्या, आय-94 म्हणजे प्रवेशनोंदीवरचे सहा महिने संपले, स्टेटस म्हणजे इथे राहण्याची कायदेशीर परवानगी गेली, त्यालाही पाच वर्षं झाली. दोन दिवस डावा हात भरून येत होता आणि त्या ओवा चावत पडून होत्या. "अगं, तिथे गेले की पासपोर्ट मागतील," एवढंच म्हणत होत्या. मी रुग्णालयांत दुभाष्याचं काम करते, म्हणून तिथे नक्की काय विचारतात ते मला ठाऊक आहे. ते इथे लिहून ठेवते.

छातीत दुखणं, श्वास लागणं, बाळंतपणाच्या कळा, तोंड वाकडं होणं, यातलं काहीही झालं तर 911 लावा किंवा थेट इमर्जन्सीत जा. मेडिकेअरचे (वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याचे) पैसे घेणाऱ्या, म्हणजे जवळपास सगळ्याच रुग्णालयांच्या इमर्जन्सीला 1986 च्या एमटाला कायद्यानं आलेल्या प्रत्येकाला तपासून प्रकृती स्थिर करावीच लागते. पैसे नाहीत, कागद नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही. आधी नर्स विचारते: काय होतंय, कधीपासून, कुठली औषधं चालू आहेत. रजिस्ट्रेशनवाली बाई चाकांवरचा कॉम्प्युटर ढकलत मागाहून येते. नाव, जन्मतारीख, पत्ता, इन्शुरन्स, मग सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक. काकूंना नेलं तेव्हा इथेच त्यांनी माझा हात घट्ट धरला. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "नंबर नाही" एवढंच म्हणायचं. बाईनं ती जागा रिकामी सोडली आणि पुढचा प्रश्न विचारला.

नाव आणि जन्मतारीख मात्र खरीच द्या. पुतण्याचं इन्शुरन्स कार्ड किंवा दुसऱ्याचा नंबर कधीही देऊ नका. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्याची ॲलर्जी आणि औषधं तुमच्या नावावर चढली तर जिवावर बेतेल. व्हिसाचं काय झालं हे आपणहून कुणालाही सांगू नका, डॉक्टरांनाही नाही. त्यांनी ते फाइलमध्ये लिहिलं की कायमचं राहतं.

भीती निराधार आहे, असं मी म्हणणार नाही. शाळा, रुग्णालयं, प्रार्थनास्थळं इथे इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनी कारवाई टाळायची असा जुना नियम होता, तो जानेवारी 2025 मध्ये काढून टाकला. बाहेरचा वेटिंग हॉल सगळ्यांना खुला असतो, तपासणीच्या खोल्या तशा नसतात. म्हणून नातेवाइकांचा घोळका हॉलमध्ये बसवू नका, एकानंच सोबत जा. आणि 2025 मध्येच मेडिकेडची (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याची) माहिती इमिग्रेशनकडे गेल्यावरून राज्यं कोर्टात गेली. त्यामुळे इमर्जन्सी मेडिकेडचा फॉर्म भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. वकीलच हवा, "फॉर्म भरून देतो" म्हणणारा एजंट नको. उपचार मात्र त्यासाठी थांबवू नका, फॉर्म नंतरही भरता येतो.

बिलाचं कुणी आपणहून सांगत नाही. काकूंना घरी सोडताना त्या रुग्णालयात कोणी चॅरिटी केअरचं, म्हणजे बिलमाफीच्या योजनेचं, नावही काढलं नाही. बिल पोस्टानं आलं तेव्हा काकूंनी मंगळसूत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. मी तीनदा फोन केले तेव्हा अर्ज मिळाला. तुम्ही तिथेच "फायनान्शियल काउन्सेलर" मागा. न्यू जर्सीच्या चॅरिटी केअरला स्टेटसची अट नाही, उत्पन्न आणि बचत बघतात. उत्पन्न केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या 200 टक्क्यांपर्यंत असेल तर रुग्णालयाचं बिल पूर्ण माफ होतं, 300 टक्क्यांपर्यंत थोडं भरावं लागतं. डॉक्टरांची वेगळी बिलं त्यात नसतात, त्यांच्याशी हप्ते ठरवून घ्या.

मुलांचं त्या मानानं सोपं आहे. 1982 च्या प्लायलर विरुद्ध डो निकालामुळे सरकारी शाळेत बारावीपर्यंत सगळ्यांना प्रवेश आहे. भाडेकरार किंवा विजेचं बिल, वयाचा दाखला आणि लसींची नोंद न्या, व्हिसा दाखवायचा नाही. शाळेतल्या मोफत जेवणाच्या फॉर्मवर सोशलचे शेवटचे चार आकडे मागतात. शेजारीच "नंबर नाही" असा चौकोन असतो, तिथे खूण करा. 2023 पासून न्यू जर्सी फॅमिलीकेअर, म्हणजे राज्याचा आरोग्य विमा, एकोणीस वर्षांखालच्या मुलांना स्टेटस न बघता मिळतं, फक्त उत्पन्नाची अट आहे. पण ते मेडिकेडचंच खातं हाताळतं, म्हणून त्याआधीही वकिलाला विचारा.

गाडीचं साधं लायसन्सही 2021 पासून स्टेटसशिवाय मिळतं. तिथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. लायसन्सच्या खिडकीवरच मतदार नोंदणीचं विचारतात. "नको, मी नागरिक नाही" म्हणा. घाईत "यस" म्हणून सही केलीत आणि नागरिक असल्याचा खोटा दावा कागदावर गेला, तर पुढे ग्रीन कार्डची वाटच बंद होऊ शकते. रिअल आयडी, म्हणजे स्टेटस तपासून मिळणारं लायसन्स, मागू नका, साधंच घ्या.

आणि भाषेसाठी अडून राहू नका. नर्सला फक्त "मराठी" म्हणा. फोनवर किंवा स्क्रीनवर दुभाषी फुकट द्यावा लागतो. दहा वर्षांच्या नातवाला मध्ये उभं करू नका. काकूंना वेदना "चमक" वाटत होती की "दडपण", हे त्या पोराला इंग्रजीत सांगता आलं नव्हतं.