रॅकूनसाठी पिंजरा लावताय? आधी या चुका टाळा

न्यू जर्सीत घर घेतल्यानंतरच्या पहिल्याच एप्रिलमध्ये रात्री ॲटिकमधून, म्हणजे छपराखालच्या माळ्यातून, कुणीतरी चालत असल्यासारखा आवाज यायला लागला. खार असती तर खुडबुड ऐकू आली असती. ही पावलं जड होती. मी दुकानातून पिंजरा आणला, अंगणात लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात रॅकून, म्हणजे डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेलं इथलं रात्री फिरणारं रानटी जनावर, बसलेलं होतं. काम झालं असं वाटलं. टाऊनशिपच्या ॲनिमल कंट्रोलचे, म्हणजे गावातल्या जनावरांचं काम बघणाऱ्या खात्याचे, गृहस्थ आले, पिंजऱ्यापासून चार पावलांवर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आचळं बघा. ही दूध पाजतेय. पिल्लं वर असणार." आम्ही घरात जाऊन कान दिला. बेडरूमच्या छतातून पाखरांच्या पिल्लांसारखी बारीक चिरचिर येत होती.

मी त्या मादीला परस्पर कुठेतरी नेऊन सोडलं असतं तर ती पिल्लं तिथेच भुकेने मेली असती. मेलेल्या पिल्लांचा वास भिंतीतून काढणं किती कठीण असतं हे नंतर ऐकलं, पण मला अजून आठवते ती चिरचिरच. त्यामुळे सगळ्यात मोठी चूक हीच: मार्च ते जुलैच्या दरम्यान, वर पिल्लं आहेत का हे न बघता पिंजरा लावणं. उत्तरेकडच्या राज्यांत बहुतेक पिल्लं एप्रिल-मेमध्ये जन्मतात, एका वेळी साधारण ३ ते ५. सुरुवातीचे सुमारे तीन आठवडे त्यांचे डोळेही उघडलेले नसतात आणि आठ-दहा आठवडे होईपर्यंत ती ढोलीबाहेर पडत नाहीत. त्या गृहस्थांनी मादीला तिथेच अंगणात सोडलं आणि आम्हाला ॲटिकमध्ये दिवा चालू ठेवून रेडिओवर गप्पांचं स्टेशन लावून ठेवायला सांगितलं. उजेड आणि माणसांचे आवाज तिला नकोसे होतात. तिसऱ्या रात्री तिने एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे हलवलं. पिंजऱ्याची गरजच नव्हती.

लांब नेऊन सोडू नका

ही चूक आपल्याकडची माणसं हमखास करतात आणि ती चांगल्या मनाने करतात. लहानपणी घरात उंदीर झाला की पिंजऱ्यात भजं नाहीतर सुक्या खोबऱ्याचा तुकडा अडकवायचा आणि सकाळी पिंजरा लांब मैदानात नेऊन दार उघडायचं, हे आपण पाहिलेलं असतं. जीव मारला नाही याचं समाधान. इथे तोच विचार करून रॅकूनला गाडीत घालून स्टेट पार्कात सोडलं, तर बऱ्याच राज्यांत तो गुन्हा ठरतो. मॅसॅच्युसेट्समध्ये घरमालकाला पकडलेलं वन्य जनावर स्वतःच्या जागेबाहेर नेऊन सोडता येत नाही. न्यूयॉर्कमध्येही परवान्याशिवाय ते चालत नाही. कॅलिफोर्नियात पकडलेलं जनावर तिथेच सोडायचं किंवा लगेच मारायचं, असा नियम आहे. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये सोडता येतं, पण पकडलेल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आत आणि २४ तासांत.

नियम एवढे कडक का, याचं उत्तर रेबीजमध्ये आहे. रॅकूनमधला रेबीज पूर्वी अमेरिकेच्या आग्नेय भागापुरता होता. शिकारीसाठी तिकडून हजारो रॅकून गाड्यांतून उत्तरेकडे आणून सोडली गेली आणि १९७७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात पहिलं प्रकरण सापडलं. तिथून हा रोग जंगलाजंगलांतून सरकत १९८९ मध्ये न्यू जर्सीत पोचला आणि आज पूर्व किनाऱ्यावर सगळीकडे आहे. तो आणखी पश्चिमेकडे जाऊ नये म्हणून सरकार दरवर्षी विमानातून लसीची आमिषं टाकतं. एक पिंजरा, एक गाडी, तासाभराचा रस्ता, एवढ्यावर रोग नव्या भागात पोचू शकतो. शिवाय अनोळखी जागेत त्या जनावराला पाणी कुठे, निवारा कुठे, काहीच ठाऊक नसतं. आपण दया केली असं आपल्याला वाटतं, त्याच्या दृष्टीने ती दया नसते.

म्हणून पिंजरा विकत घेण्याआधी दोन फोन करा: टाऊनशिपच्या ॲनिमल कंट्रोलला आणि राज्याच्या वन्यजीव खात्याला. स्वतः पकडायला परवानगी आहे का, कोणता सापळा चालतो आणि पकडल्यावर त्याचं काय करायचं, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय आमिष लावू नका. जबड्याचे लोखंडी सापळे न्यू जर्सीत १९८४ पासून बंद आहेत. ऑनलाइन दिसला म्हणून मागवू नका.

पिंजरा लावला, पण रॅकून सापडत नाही

परवानगी आहे आणि पिल्लांचा काळही उलटून गेला आहे, असं धरून बोलू. पिंजरा साधारण ३२ इंच लांब, १० इंच रुंद आणि १२ इंच उंच लागतो. खारीसाठीचा छोटा पिंजरा घेतला की झडप शेपटीवर पडते आणि जनावर मागे सरकून निसटतं.

आमिष नाहीसं झालंय आणि झडप उघडीच आहे, असं सकाळी दिसलं तर त्याच्या हातांकडे बघा. रॅकूनची पुढची पावलं म्हणजे पाच लांब बोटांचे हात. जाळीतून बाहेरून हात घालून ते आमिष अलगद काढून घेतं. मागची बाजू आणि दोन्ही कुशी फळीने झाका आणि आमिष पायपट्टीच्या (जिच्यावर पाय पडला की झडप पडते ती) पलीकडे, अगदी शेवटाला ठेवा. पिंजरा कलंडलेला सापडला, तर तो सपाट जमिनीवर ठेवून वर वीट ठेवा किंवा खुंटीने बांधा.

शेजारची मांजर सापडत असेल तर दोष आमिषाचा. मासे आणि मांजरांचं खाणं लावलं की मांजर येते, स्कंकही (घाण वासाचा फवारा मारणारं काळं-पांढरं जनावर) येतो. मार्शमेलो (साखरेची मऊ मिठाई) लावा. गोड वासाला रॅकून येतं, मांजर फारशी फिरकत नाही. स्कंक सापडलाच तर जुनी चादर अंगासमोर धरून, हळू बोलत जवळ जा आणि ती पिंजऱ्यावर पांघरा. अंधारात तो सहसा शांत राहतो.

पिंजरा भिंतीला किंवा वायरींना टेकवून ठेवू नका. आत अडकलेलं रॅकून हात पोचेल ते ओढतं: गवत, केबल, घराच्या बाहेरच्या भिंतीवरचं साइडिंग. दोन-तीन फूट मोकळे ठेवा.

पिंजरा संध्याकाळी लावायचा आणि सकाळी उजाडताच बघायचा. न्यू जर्सीत २४ तासांतून एकदा तरी बघणं कायद्याने बंधनकारक आहे, पण मी म्हणेन तेवढीही वाट बघू नका. जुलैच्या उन्हात दुपारपर्यंत जाळीत अडकलेलं जनावर तडफडून मरतं. शनिवार-रविवार बाहेरगावी जाणार असाल तर झडप बांधून टाका.

डांबर गोळ्यांबद्दल बरेच जण विचारतात. आपल्या कपाटातला तो जुना उपाय ॲटिकमध्ये पसरायचा नाही. डांबर गोळ्या हे इथे कीटकनाशक धरतात आणि पाकिटावर लिहिलंय त्याखेरीज वापरणं बेकायदा आहे. वाफा खाली मुलांच्या खोलीत उतरतात, ते वेगळंच. रॅकून मारण्यासाठी अमेरिकेत कुठलंही विष मंजूर नाही.

रॅकून चावलं किंवा त्याने ओरखडलं तर जखम साबणाने १५ मिनिटं धुवा, लगेच डॉक्टरकडे जा आणि ते पिंजऱ्यात असेल तर सोडू नका. आरोग्य खात्याला कळवा, त्याची तपासणी लागते.

विष्ठेबाबतही सांभाळा. रॅकून एकाच ठरलेल्या जागी विष्ठा करतात, डेकच्या (घराबाहेरच्या लाकडी ओट्याच्या) कोपऱ्यात किंवा ॲटिकमध्ये. त्यातल्या जंताची अंडी माणसाच्या मेंदूपर्यंत इजा करू शकतात आणि ती ब्लीचने मरत नाहीत. ताजी विष्ठा लगेच उचलली तर धोका कमी, कारण अंडी संसर्गजन्य व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. हातमोजे, मास्क, मग त्या जागेवर उकळतं पाणी. मुलांचा वाळूचा खड्डा रात्री झाकून ठेवा.

ते येतंच का?

एक पकडलं तरी दुसरं येणारच, जोवर बोलावणं चालू आहे. आमच्या डेकवर पितृपक्षात कावळ्यासाठी पान ठेवलेलं असायचं. दिवसा कावळा आला नाही तर पान रात्रभर तिथेच, खीर आणि वड्यांसकट. आता सूर्यास्ताला उरलेलं आत आणते. कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाला बंजी कॉर्ड (आकड्यांची ताणणारी दोरी), धुराड्याला धातूचं झाकण, पक्ष्यांचे दाणे रात्री आत.

आणि ज्या भोकातून ते वर जातं, ते भोक. आत कुणी उरलेलं नाही याची खात्री होईपर्यंत बंद करू नका. आम्ही भोकात वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबले. आत-बाहेर कुणीही गेलं असतं तर बोळे ढकलले गेले असते. तीन रात्री बोळे जसेच्या तसे राहिले, छताला कान लावला तर शांत. मग त्यावर अर्ध्या इंची भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी स्क्रूने पक्की केली. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी ते हातांनी फाडतं.