परीक्षेची एंट्री रद्द करताय? आधी डिलीटवरचं बोट उचला

एंट्री भरणं, म्हणजे शाळेच्या सॉफ्टवेअरमधून विद्यार्थ्याचं नाव बोर्डाच्या परीक्षेला नोंदवणं, हे काही अवघड काम नाही. बोर्डाची त्या परीक्षा-सीझनची विषय-कोडची फाइल इंपोर्ट करा, विषयाचा ग्रुप निवडा, कोडसमोर टिक मारा, सेव्ह. नावांचं स्पेलिंग आणि जन्मतारखा आधीच तपासल्यात असं धरून चालतो. फक्त पुन्हा परीक्षेला बसणारी मुलं चालू ग्रुपमध्ये नसतात, ती एकेक करून घ्यावी लागतात.

खरी गंमत नाव काढायची वेळ येते तेव्हा. कुणी शाळा सोडतं, कुणी विषय बदलतं, कुणाचे आईवडील ऐन वेळी येऊन सांगतात की यंदा नको. मग ऑफिसमधलं कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो टिक काढून टाका ना, झालं." कसलं झालं!

एंट्रीची फाइल बोर्डाकडे गेलेलीच नसेल तर खुशाल डिलीट करा. पण एकदा गेली की बोर्डाच्या लेखी तो विद्यार्थी परीक्षेला बसणार म्हणजे बसणार, आणि तुम्ही 'विथड्रॉ' (नाव मागे घेतलं) असं नोंदवून दुरुस्तीची फाइल पाठवेपर्यंत त्यांना काही कळत नाही. काही सॉफ्टवेअर टिक काढल्यावर स्वतःहून विथड्रॉ लावतात, काही सरळ रेकॉर्डच पुसून मोकळे होतात, त्यामुळे स्क्रीनवर काय दिसतंय त्यावर जाऊ नका.

मी पहिल्याच वर्षी एका मुलीची केमिस्ट्रीची एंट्री अशीच पुसली होती. आमच्या यादीत ती नाही, बैठक व्यवस्थेत नाही, सगळं कसं स्वच्छ. पेपरच्या दिवशी बोर्डाकडून आलेल्या हजेरीपटावर मात्र तिचं नाव ठळक छापलेलं आणि सुपरवायझर ऑफिसच्या दारात उभं राहून विचारतायत, ही कुठंय? ती तर दोन महिन्यांपूर्वीच शाळा सोडून गेलेली. निकालात तिच्यापुढे 'गैरहजर' आलं, फी आमच्या माथी बसली ती वेगळीच.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. विद्यार्थ्याचं रेकॉर्ड उघडायचं, एंट्रीचं स्टेटस विथड्रॉ करायचं, दुरुस्तीची फाइल बनवायची आणि पाठवायच्या आधी ती फाइल किंवा तिचा प्रिव्ह्यू उघडून ते नाव, तो कोड आणि विथड्रॉची खूण तिन्ही एका ओळीत आहेत का ते डोळ्यांनी बघायचं. ओळच नसेल तर तुम्ही विथड्रॉ केलेलंच नाही, कुणी काहीही सांगो. पाठवल्यावर पोच जपून ठेवायची आणि बोर्डाकडची यादी उघडून परत ताळा करायचा, कारण फाइल पोचणं आणि ती स्वीकारली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलाच्या विषयाची लेव्हल बदलायची असेल तर जुना कोड विथड्रॉ आणि नवा कोड अ‍ॅड, दोन्ही एकाच बैठकीत करा. जुना "नंतर काढू" म्हणून ठेवला की तो राहतोच, आणि एकाच मुलाची दोनदा फी लागते.

शेवटच्या तारखेची संध्याकाळ तर विसराच, त्या दिवशी पोर्टल रखडतं. मी दोन दिवस आधीच पाठवतो.

आणि विथड्रॉ करायच्या आधी पालकांकडून लेखी घ्या, विषयाचं नाव आणि तारीख टाकून. "आम्ही असं म्हटलंच नव्हतं" हे निकालानंतर ऐकून घ्यायची माझ्यात आता ताकद नाही.