इंग्रजाचं धावतं, आपलं चालतं

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. आता मुरुडला (दापोलीच्या, जंजिऱ्याच्या नव्हे) घरातच पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय केली आहे. तीन खोल्या, मागे नारळी-पोफळीचं आगर. पाहुणे बहुतेक पुण्या-मुंबईचे, अधूनमधून एखादं गोरं जोडपं. शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ असं घोकलं होतं. त्या पाठांतराने मला जितकं फसवलं, तितकं खोट्या नोटांनीही नाही. किनाऱ्यावर आमच्यासारखा धंदा करणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

पहिला फटका फोनवर बसला. बाईंनी विचारलं, ‘डू यू हॅव रनिंग वॉटर?’ धावतं पाणी म्हणजे वाहतं पाणी, एवढं मी जुळवलं. सकाळी मोटर लावली की विहिरीचं पाणी पाटाने पोफळींना जातं, तेच डोळ्यांपुढे आलं. ठसक्यात सांगितलं, ‘येस मॅडम, मॉर्निंग ओन्ली!’ बाईंनी खोली घेतली नाही. रनिंग वॉटर म्हणजे नळाचं पाणी, हे मला पुतण्याने संध्याकाळी सांगितलं. आमच्या तिन्ही खोल्यांत चोवीस तास नळ आहे हो!

तेव्हापासून माझी रीत ठरली. ‘रन’ कानावर पडलं की आधी बघायचं, धावतंय कोण? मूल, कुत्रा, कोंबडी असेल तर प्रश्नच नाही, धावणंच. पण कर्त्याला पाय नसले, किंवा पाय असून तो काही ‘रन’ करत असला, तर ‘चालणं’ किंवा ‘चालवणं’ लावून बघा. मोटर रन होते, म्हणजे चालते. हॉटेल रन करतात, म्हणजे चालवतात. ‘डझ द बस रन ऑन संडे?’ म्हणजे रविवारी गाडी चालू असते का. आमच्या घराण्यात टक्कल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यालाही इंग्रज ‘रन्स इन द फॅमिली’ म्हणतो. आपलं चालणं काही कमी नाही. घड्याळ चालतं, दुकान चालतं, जीभ चालते, आणि चहाऐवजी कोकम सरबत दिलं तरी चालतं.

चालणं बसलं नाही तर ‘वाहणं’ लावा. नाक, नदी, उघडा राहिलेला नळ. कपड्याचा रंग रन झाला तर तो गेला. ताप रन होतो म्हणजे नुसता असतो.

खरी गोम पुढच्या चिमुकल्या शब्दात असते. गाडीच्या पाटीवर नुसतं ‘दापोली’ वाचून चढणारा माणूस जसा फसतो (दापोलीहून की दापोलीला?), तसंच इथे होतं. ‘रन’वर थांबू नका, पाटी पूर्ण वाचा. मी स्वतः ‘इन्टू’ला फसलो. एक पाहुणा माझी स्कूटर घेऊन हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गेला होता. परत आला तो हसत म्हणाला, ‘आय रॅन इन्टू युअर नेफ्यू!’ मी चपला न घालता अंगणात. स्कूटरला ओरखडा नाही, हा दात काढतोय, आणि मला घाम फुटलेला. त्याची आणि पुतण्याची तिथे अचानक गाठ पडली होती, बस्स. म्हणून लक्षात ठेवा: रन इन्टूच्या पुढे माणूस आला तर बहुधा भेट, झाड किंवा भिंत आली तर धडक. माणसाला खरंच गाडीखाली घेतलं तर ‘ओव्हर’ येतं. होडी ‘रन अग्राउंड’ झाली म्हणजे खाडीच्या तोंडाशी रेतीत रुतली.

‘आउट’ आलं तर क्रिकेट सोडून बाकी सगळीकडे जिन्नस संपलेला असतो. ‘वी हॅव रन आउट ऑफ सोलकढी’, असं म्हणा.

निवडणुकीची तर गंमतच. अमेरिकन माणूस रन करतो, ब्रिटिश माणूस स्टँड करतो. आपलाही ग्रामपंचायतीला उभाच राहतो. धावतो तो निवडून आल्यावर, आणि तेही मुंबईला.

मात्र काही ठिकाणी मराठीनेही धावायचं ठरवलंय. धाव, धावचीत, धावपट्टी, धावतं समालोचन, आणि बायको गोधडीला घालते तो धावदोरा. तिथे बिनधास्त जसंच्या तसं.

सगळे अर्थ पाठ करायला जाऊ नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या वीस खंडांत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे त्यांनी ‘रन’ नव्याने तपासायला घेतला, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले.

एक अर्थ मात्र घर चालवणाऱ्याने पाठच करावा. मागच्या मे महिन्यात एक इंग्रज काका सकाळी पोट धरून आले, ‘आय हॅव द रन्स.’ मी विचारलं, ‘हाऊ मेनी?’ ‘सेव्हन सिन्स मिडनाइट.’ अनेकवचन, आधी ‘द’, आणि तोंड उतरलेलं, म्हणजे जुलाब. बायको आतून मिठाची पेज घेऊन आली, मी दुकानातून क्षारांची पाकिटं आणली, दुपारी डॉक्टरांकडे नेलं. तिसऱ्या दिवशी काका खडखडीत बरे झाले आणि जेवायला बसताना त्यांनी तळलेला बांगडा मागितला. बांगडे होते. पण बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, ‘सॉरी, वी हॅव रन आउट.’