फ्री-फ्लो सायलेन्सरनंतर क्रूझर फटफटते, ओढत नाही: माझा अनुभव

कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) 350 सीसी क्रूझर बाईक. फ्री-फ्लो, म्हणजे धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर बसवला की थ्रॉटल सोडताना फटाके, अर्ध्या थ्रॉटलला अडखळणं, स्पार्क प्लगचं टोक पांढरंफटक. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. नवा प्लग, महागडं पेट्रोल, आयडल (थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग) वाढवणं, सगळं वाया. डोक्याला नुसता ताप.

जमलं ते या क्रमाने. आयडलवर इनटेक रबराभोवती (कार्बोरेटर इंजिनला जोडणारं रबर) कार्ब क्लीनर स्प्रे मारा. आरपीएम (इंजिनचे फेरे) बदलले तर रबर गळतंय, बदला. इंजिनच्या हेडजवळचं सायलेन्सर गॅस्केट नवंच टाका, जुनं दबलेलं असतं. मग कार्बोरेटरमधला मेन जेट (जास्त थ्रॉटलला पेट्रोल सोडणारं छिद्र) दोन नंबर मोठा (112.5 असेल तर 117.5), पायलट जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारा) एक नंबर मोठा. नीडलची (अर्ध्या थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारी सुई) क्लिप एक खाच खाली, म्हणजे नीडल वर येते. इंजिनकडच्या बाजूचा मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग अडीच आटे बाहेर. गरम इंजिनवर आरपीएम सर्वात जास्त लागेल तिथे सोडा. दहा किलोमीटरनंतर प्लग विटकरी हवा. काळा आला तर मेन जेट एक नंबर उतरवा.

मे महिन्याच्या 45 अंशांत केलेली सेटिंग डिसेंबरच्या थंडीत कमी पडते. स्क्रू पाव आटा बाहेर.

कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) पांदण रस्त्याच्या धुळीत नकोच, पिस्टनच्या रिंगा खातो. उरल्या पैशात मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन दात्यांनी मोठं घ्या. ओढ वाढते, टॉप स्पीड थोडा जातो. चेनची लांबी आधी तपासा.