‘टीएसएच नॉर्मल’ म्हणून निर्धास्त राहू नका

माझ्या मावशीची फाइल किलोभर वजनाची आहे. सततचा थकवा, थंडी सहन न होणं, बीपी कमी, सोडियम घसरलं म्हणून दोनदा सलाइन. दर वेळी थायरॉइड तपासलं, दर वेळी टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हॉर्मोन) नॉर्मल. तिच्या शेवटच्या बाळंतपणात काय झालं होतं, हे मात्र कोणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. तेव्हा खूप रक्त गेलं होतं, बाळाला अंगावरचं दूध मिळालंच नाही आणि पाळीही परत आली नाही. थायरॉइडसह इतर ग्रंथींना हुकूम देणारी डोक्यातली पिट्युटरी ग्रंथी तेव्हाच निकामी झाली होती. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. हॉर्मोनतज्ज्ञाकडे जाताना बाळंतपणं, ऑपरेशनं, डोक्याला लागलेला मार, सांध्यात घेतलेली इंजेक्शनं आणि वैदूकडच्या पुड्यासुद्धा सांगा. लाजू नका.

आता टीएसएचचं. ते पिट्युटरीच तयार करते. ग्रंथी बिघडल्यावर त्या आकड्यावर विसंबणं म्हणजे आरोपीलाच साक्षीला उभं करणं. अशा रुग्णाचं फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं खुद्द थायरॉइडचं हॉर्मोन, बघावं लागतं. थायरॉइडच्या गोळीचा डोसही त्यावरच ठरतो, टीएसएचवर नाही.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते. कॉर्टिसॉल (आजारात, ताणात शरीराला तोलून धरणारं हॉर्मोन) कमी असताना आधी थायरॉइडची गोळी सुरू केली तर रुग्ण कोसळू शकतो. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची जागा घेणारी स्टेरॉइडची गोळी, मग थायरॉइडची गोळी थायरॉक्सिन. मावशीला हाच क्रम दिला.

कॉर्टिसॉलचं रक्त सकाळी ८ च्या सुमारास द्यायचं असतं. दुपारी दिलेल्या रक्ताचा आकडा कमी दिसला तर त्यातून फारसं काही कळत नाही. केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर तेही सांगा, त्यानं थायरॉइडचे आकडे फसवे येतात.

आणि शेजारणी! “स्टेरॉइड? अगं, बंद कर, हाडं ठिसूळ होतात.” मावशीने चार दिवस गोळी बंद ठेवली, पाचव्या दिवशी उलट्या आणि चक्कर घेऊन आम्ही इमर्जन्सीत. शरीरात जे बनतच नाही, तेवढंच या गोळीनं भरून काढायचं असतं. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलेल्यांनीही ते एकदम थांबवू नये, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट किंवा तिप्पट करायचा असतो. नेमका किती, ते आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी थांबून वाट बघायची नाही, १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन देऊन थेट हॉस्पिटल गाठायचं.

गेल्या महिन्यात मावशी तुळजापूरला गेली. पर्समध्ये स्टीलच्या डब्यात कुपी, सिरिंज आणि डॉक्टरांची चिठ्ठी. निघण्याआधी तिने भाच्याला समोर बसवून रिकाम्या कुपीत पाणी भरून इंजेक्शन तयार करायला लावलं, दोनदा.