मोबाईल फुल्ल झालाय? रिसेट मारायच्या आधी हे सगळं करून बघा

आमचे काका गोव्याला कामाला असतात आणि गाव आमचं बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात. आज्जीला लिहिता येत नव्हतं म्हणून ती वहिनीच्या फोनवरनं काकांना व्हॉइस मेसेज पाठवायची, रोज एक तरी असायचाच. आज्जी गेली, आणि पुढच्याच पावसाळ्यात काकांचा फोन हँग व्हायला लागला, सारखं "स्टोरेज फुल्ल" दाखवायलंय म्हणून त्यांनी एका दुकानात नेऊन दिला, दुकानातल्या पोरानं काय विचारलं नाही काय सांगितलं नाही, रिसेट मारला आणि दहा मिनिटांत फोन नवा करून हातात दिला. बॅकअप, म्हणजे दुसरीकडं ठेवलेली कॉपी, नव्हता. आज्जीचे सगळे मेसेज त्यात गेले. वहिनीचा तो जुना फोन तर त्याच्या आधीच पाण्यात पडून बिघडलेला.

तेव्हापासून घरातल्या कुणाचाही फोन फुल्ल झाला की तो दुकानात जाऊ देत नाही, मीच घेऊन बसते. खरं सांगायचं तर रिसेट मारायची वेळ फार कमी फोनवर येते. जागा खाणारं सामान बहुतेक वेळा आपल्या कामाचं नसतंच, पण ते कुठं दडलंय ते बघायला थोडा वेळ द्यावा लागतो. मी ज्या क्रमानं करते त्याच क्रमानं सांगते, क्रम बदलू नका.

पहिल्यांदा भाषा. आपल्याकडं कित्येक फोनमध्ये मेनू इंग्लिश असतो नाहीतर दुकानातनंच कन्नड लावून मिळतो, आणि वाचता येत नाही म्हणून मोठी माणसं सेटिंगमध्ये शिरतच नाहीत. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या भाषेच्या पर्यायात जाऊन मराठी करता येतं, फोनची भाषा बदलली की व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा मराठीत दिसतं. आई-वडिलांच्या फोनमध्ये हे तेवढं करून द्या, निम्मी भीती तिथंच जाते.

मग सेटिंगमध्ये स्टोरेज उघडा. फोटो किती, व्हिडिओ किती, अ‍ॅप किती, सिस्टीम किती असं वेगवेगळं दिसतं. ६४ जीबीचा फोन म्हणजे पूर्ण ६४ जीबी आपल्याला मिळत नाही, त्यातला बराच भाग सिस्टीमनं आधीच धरलेला असतो, त्याला काही करता येत नाही. आणि एक गैरसमज काढून टाका, ते खालचं बटण दाबून उघडी अ‍ॅप वर सरकवून बंद करतात ना सगळे, त्यानं स्टोरेज एक एमबीनंही मोकळं होत नाही, रॅम म्हणजे चालू कामापुरती तात्पुरती जागा, ती वेगळी आणि स्टोरेज वेगळं. कुठला आकडा सगळ्यात मोठा आहे तो कागदावर लिहून ठेवा, नंतर ताडून बघायला.

आता काहीही डिलीट करायच्या आधी जे जपायचं ते बाहेर काढा. ही पायरी लोक सोडतात आणि मग हळहळत बसतात. आपल्या लोकांच्या फोनमध्ये काय काय असतं बघा, शेताच्या उताऱ्याचा फोटो, आधार, रेशन कार्ड, कारखान्याच्या ऊस बिलाची पावती, पोराची मार्कलिस्ट, दवाखान्याचे रिपोर्ट. हे सगळं फॉरवर्ड आलेल्या गुड मॉर्निंगच्या ढिगाऱ्यात मिसळलेलं असतं. गॅलरीत "कागदपत्रं" नावाचा एक अल्बम करा आणि ते फोटो त्यात हलवा. मग ती सगळी फाईल कॉम्प्युटरवर घ्या, केबल जोडली की फोनवर "फाईल ट्रान्सफर" निवडायचं, नाहीतर फोन नुसताच चार्ज होत राहतो. कॉम्प्युटर नसेल तर ओटीजी पेनड्राइव्ह मिळतो, एका बाजूनं थेट फोनला लागतो, ३२ जीबीचा असला तरी घरातल्या दोघातिघांच्या कागदपत्रांना भरपूर होतो. कॉपी झाल्यावर पेनड्राइव्हमधनंच दोन-चार फाईल उघडून बघा, उघडल्या तरच फोनमधलं काढा.

आवाजाचंही तसंच. व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज गॅलरीत दिसत नाहीत, फाईल मॅनेजरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडिया फोल्डरमध्ये व्हॉइस नोट्स नावाचा फोल्डर असतो, पण तिथं कुणाचा कुठला ते नावावरनं कळत नाही. म्हणून ज्या माणसाचे मेसेज जपायचेत त्याच्या चॅटमध्ये जा, वरच्या तीन टिंबांत "मोअर" आणि त्यात "एक्सपोर्ट चॅट" करा, मीडियासकट निवडा आणि गुगल ड्राइव्हवर टाका. घरात वयस्कर कुणी असेल तर हे आजच करा. खरंच आज.

हे झालं की व्हॉट्सअ‍ॅपकडं वळा, मी आत्तापर्यंत बघितलेल्या फोनमध्ये सगळ्यात जास्त जागा इथंच अडकलेली सापडलीये. पारायणाचा ग्रुप, भजनी मंडळाचा, गल्लीतल्या गणपती मंडळाचा, शाळेचा, पाहुण्यांचा, सीमाप्रश्नाचा, आणि एकच व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरत असतो, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीचे, १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाचे, तेच तेच दहा कोनांतनं. त्याला मोल नाही असं मी म्हणत नाही, उलट एक चांगला व्हिडिओ निवडून जपून ठेवा, पण बाकीचे नऊ कशाला. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये "स्टोरेज अँड डेटा", त्यात "मॅनेज स्टोरेज". वर दोन गठ्ठे दिसतात, एक ५ एमबीपेक्षा मोठ्या फाईलींचा आणि एक खूप वेळा फॉरवर्ड झालेल्यांचा. फॉरवर्डचा गठ्ठा आधी घ्या, भराभर बघत डोळ्याखालनं घाला आणि उडवा. मग मोठ्या फाईलींचा, तिथं मात्र सावकाश, लग्नाचे आणि बारशाचे व्हिडिओ तिथंच असतात. खाली ग्रुपप्रमाणे यादी असते, सगळ्यात जड ग्रुप सगळ्यात वर.

रोजच्या पेपरची पीडीएफ येते ना ग्रुपवर, ती पण बघा. गॅलरीत दिसत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि वर्षभराचे पेपर फोनमध्ये साठून राहतात. पंचायतीची कन्नड परिपत्रकं पण त्यातच. आणि आपण जे फोटो पाठवतो त्याची एक वेगळी कॉपी व्हॉट्सअ‍ॅप "सेंट" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं, म्हणजे कॅमेऱ्यातला एक आणि हा एक असे दोन होतात. तो फोल्डर रिकामा केला तरी मूळ फोटो गॅलरीत राहतो.

परत भरू नये म्हणून ऑटो डाउनलोड बंद करा, त्याच "स्टोरेज अँड डेटा"मध्ये खाली मोबाईल डेटा, वायफाय आणि रोमिंग असे तीन असतात, तिन्हींतनं फोटो, व्हिडिओ, ऑडिओ, डॉक्युमेंट सगळ्याच्या खुणा काढा. मग जे बघायचंय त्यावर बोट लावलं तरच ते उतरतं. काही लोक "मीडिया व्हिजिबिलिटी" बंद करतात आणि समजतात की काम झालं, त्यानं फोटो फक्त गॅलरीत दिसायचे बंद होतात, जागा तेवढीच जाते. टेलिग्राम वापरत असाल तर त्याचं सोपं आहे, साध्या चॅटमधलं सगळं त्यांच्या सर्व्हरवर असतं, सेटिंगमधनं कॅशे, म्हणजे फोनमध्ये तात्पुरत्या साठलेल्या फाईली, काढून टाकला तरी लागेल तेव्हा परत उतरवता येतं.

आता फोटो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल तर "फ्री अप स्पेस" नावाचं बटण आहे, ते फक्त बॅकअप झालेले फोटो फोनमधनं काढतं, वर गुगलच्या खात्यात ते राहतात. पण फुकट जागा १५ जीबीच आहे, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं, १ जून २०२१ पासनं नवीन टाकलेला प्रत्येक फोटो त्यात मोजला जातो, अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पण आता त्यातच धरतात. ती जागा भरली की जीमेलवर मेल यायचे बंद होतात, हे नोकरीच्या मुलाखतीची वाट बघणाऱ्या पोरांनी तरी लक्षात ठेवावं. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपमध्ये व्हिडिओ आपण सांगितल्याशिवाय जात नाहीत, तिथली खूण बघून घ्या.

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात. गुगल फोटोजच्या अ‍ॅपमध्ये फोटो निवडून सरळ डिलीट केला तर तो फोनमधनंही जातो आणि खात्यातनंही जातो, दोन्हीकडनं. फक्त फोनमधनं काढायचा असेल तर तीन टिंबांत किंवा खालच्या पट्टीत "डिलीट फ्रॉम डिव्हाइस" असतं ते वापरा. चुकून गेलाच तर ट्रॅश बघा, बॅकअप झालेला फोटो तिथं ६० दिवस राहतो. फोनच्या स्वतःच्या गॅलरीलाही ट्रॅश असतो, बहुतेक फोनमध्ये ३० दिवसांचा, आणि तो रिकामा करेपर्यंत जागा सुटत नाही. म्हणून "एवढं डिलीट केलं तरी स्टोरेज तेवढंच" असं वाटतं.

आमच्या तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबीकडच्या लोकांनी एक करावं, बॅकअप गावात लावू नका. पावसात रेंज नसते, लाईट जाते, अर्ध्यातच अडकतं आणि आपल्याला वाटतं झालं. बेळगावला कुणाकडं वायफाय असेल तिथं मुक्कामाला गेलात की रात्री चार्जिंगला लावून सोडा आणि सकाळी बॅकअप पूर्ण झालाय म्हणून दाखवतंय का ते डोळ्यानं बघूनच "फ्री अप स्पेस" दाबा.

अ‍ॅपचं थोडक्यात. वापरात नाहीत ती काढा. यूट्यूबवर ऑफलाइन ठेवलेली कीर्तनं आणि सिनेमे बघा, ऐकून झालेली उडवा. अ‍ॅपच्या माहितीत "क्लिअर कॅशे" आणि "क्लिअर डेटा" अशी दोन बटणं शेजारी शेजारी असतात, कॅशे बिनधास्त काढा, डेटा नको, व्हॉट्सअ‍ॅपवर डेटाचं दाबलं आणि बॅकअप नसला तर सगळी चॅट गेली. जाहिरातीतनं येणारी क्लीनर अ‍ॅप टाकू नका, तीच जागा खातात आणि वर जाहिराती दाखवतात, गुगलचं फाईल्स अ‍ॅप पुरे आहे, एकसारख्या फाईली आणि मोठ्या फाईली ते शोधून देतं. आयफोनवाल्यांना सेटिंग, जनरल, आयफोन स्टोरेज इथं सगळं मिळेल, "ऑफलोड" केलं की अ‍ॅप जातं पण त्यातला डेटा राहतो.

मेमरी कार्डची सोय असेल तर घ्या, पण चांगल्या दुकानातनं बिलासकट. फुटपाथवर दोनतीनशे रुपयांत १ टीबी म्हणून कार्ड विकतात, आत खरी जागा अगदी थोडी असते, ती भरली की पुढचे फोटो गेले म्हणून समजा.

आणि कॅमेऱ्याचं सेटिंग. बेळगावला वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, पोरं सगळं फोरके मध्ये, म्हणजे एकदम बारीक क्वालिटीत, घेतात. आयफोनवर फोरके ६० फ्रेमनं एका मिनिटाला साधारण ४०० एमबी जातात, तेच १०८० पिक्सेल आणि ३० फ्रेमनं घेतलं तर साधारण ६०. अँड्रॉइडवर आकडे थोडे वेगळे येतील पण फरक असाच मोठा. फोनच्या स्क्रीनवर बघायला १०८० भरपूर झालं.

एवढं करूनही फोन चालेना आणि रिसेटच मारायचा असेल तर आपल्या गुगल खात्याचा पासवर्ड पाठ आहे ना ते आधी बघा, रिसेटनंतर फोन तेच जुनं खातं मागू शकतो, मग नाही सांगता आलं तर फोन अडकून बसतो. दुकानात देताना "डेटा काढून घेतलाय" असं आपण म्हणू तेव्हाच हात लावा असं स्पष्ट सांगून ठेवा.

ज्यांचं आधीच गेलंय त्यांनी समोरच्यांकडं विचारा. मेसेज आपल्याकडनं पुसला गेला तरी दुसऱ्याच्या फोनमधला तसाच असतो. काकांचं सगळं गेल्यावर आम्ही पाहुण्यांत एकेकाला फोन करून विचारलं, आणि मिलिटरीत असलेल्या चुलतभावाकडं आज्जीचा एक मेसेज निघाला, अकरा सेकंदांचा, "लावणी झाली, चवथीला सुट्टी मिळते काय बघ" एवढाच. तो आता काकांच्या फोनमध्ये आहे, माझ्या कॉम्प्युटरवर आहे आणि आईच्या ट्रंकेतल्या पेनड्राइव्हमध्ये आहे.